झाकलेलं ताट

(मुलुंड, १९८४. नाताळची दुपार. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, रत्नप्रभाच्या दारात शेजारची वनमाला उभी आहे.)

वनमाला : रागावू नको हां रत्ना, पण जयाला सांग, ताट घेऊन दारोदार फिरू नको म्हणावं.

रत्नप्रभा : कसलं ताट?

वनमाला : कसलं म्हणून काय विचारतेस? दरवर्षी नाताळात तुझ्याकडून येतं तेच. वर क्रोशाचा रुमाल घातलेलं. खालच्या जानकीने तिला बघून दारच लावून घेतलं. उत्तरा म्हणाली, आमचा उपास आहे. ती बाई जन्मात कधी उपास करत नाही. आता सगळ्या गॅलरीत कुजबुज चाललीय. म्हटलं, दुसऱ्या कुणी येऊन सांगण्यापेक्षा मी सांगते.

रत्नप्रभा : आत ये ना. दारात का उभी?

वनमाला : नको, कुकर लावलाय.

रत्नप्रभा : बरं. तुझ्याकडे आली होती?

वनमाला : आली होती. मी म्हटलं, नंतर ये गो. अजून काय म्हणू? कावीळ घरोघरी पोचलीय. आणि तुमच्याकडे तर... माझा एकच झील आहे, रत्ना. तुझ्या नंदूच्याच पेल्याने पाणी प्यायचा बाळा. रोज सकाळी त्याला उजेडात नेऊन डोळे बघते मी.

रत्नप्रभा : रुमाल उचललास तू?

वनमाला : मी कशाला हात लावू?

रत्नप्रभा : उचलायचास. रिकामं आहे ते ताट.

वनमाला : काय बोलतेस?

रत्नप्रभा : नंदूला मातीत ठेवून महिना नाही झाला. मी कढई चढवीन घरात? करंज्या नाहीत, अनारसे नाहीत, चांदणीसुद्धा टांगली नाही. चर्चलाही जयाचे पप्पा एकटेच गेलेत. सकाळी ती म्हणाली, मम्मी, ताटं कधी वाटायची? मी म्हटलं, या वर्षी आपला नाताळ नाही. मग बसली कोपऱ्यात खोट्या खोट्या करंज्या करत. मला वाटलं, खेळतेय तर खेळू दे, तेवढीच रडायची नाही. ताट घेऊन ती घराबाहेर पडेल हे काय माहीत मला?

वनमाला : अगो बाई.

रत्नप्रभा : पोरगी रिकामं ताट घेऊन फिरली आणि तुम्ही त्यालाही घाबरलात.

वनमाला : आम्हाला काय ठाऊक रिकामं आहे ते?

रत्नप्रभा : दिवाळीत तुमची ताटं आली, तेव्हा मी विचारलं का, पाणी उकळून घेतलं होतंत का म्हणून? सगळ्या चाळीला पाणी एकाच पाइपातून येतं, वनमाला. कावीळ काय माझ्या घरात तयार झाली?

वनमाला : मला कळत नाही होय? हॉस्पिटलात डबा घेऊन मीच यायचे ना? नंदूचं अंग मी पुसलंय. तेव्हा भीती नाही वाटली. तो गेला आणि मग धास्तीच बसली. तुझ्या दारावरून जाताना बाळाचा हात घट्ट धरते मी. कुकर-बिकर काही लावलेला नाही. लाज वाटते, पण पाय आत पडत नाही. काय करू, सांग.

रत्नप्रभा : खरं बोललीस, बरं केलंस. बाकीच्या उपास सांगतात.

वनमाला : शिव्या दे हवं तर.

रत्नप्रभा : शिव्या देऊन काय होणार? एक कर. आत मोरीपाशी बसलीय ती. मी बोलावते. तिच्या ताटातली एक घे. नुसता हात पुढे करायचा आहे, दुसरं काही मागत नाही. आज कुणीतरी घेतलं, एवढं तिला वाटू दे.

वनमाला : बोलाव तिला.

रत्नप्रभा : जया, वनमालाकाकू आल्यात बघ. ताट घेऊन ये.

जया : काकू, तुम्ही नंतर ये म्हणालात ना, म्हणून मी तुमच्या वेगळ्या ठेवल्यात. ही घ्या. अजिबात फुटली नाहीये. फुटलेल्या आपण खायच्या असतात, दादा सांगायचा.

वनमाला : दे.

जया : खाऊन बघा ना. घाबरू नका, खोटी आहे.

वनमाला : छान झालीय गो. खोबरं पण मस्त भाजलंस.

जया : मग रडता कशाला?

वनमाला : कुठे रडते? अजून एक दे. बाळासाठी नेते.

जया : बाळाला नको.

वनमाला : का गो? त्याला किती आवडतात तुमच्याकडच्या.

जया : नको काकू. आमच्या घरचं आहे ना.