मागचा बोल्ट

हॅलो?… हो, मीच. बोल ना… आवाज घुमतोय? फोन बॅटरीवर ठेवलाय म्हणून… कुठली बॅटरी म्हणजे? गाडीची.

अगं, निघतोच आहे… म्हणजे, निघणार आहे. बॉनेट उघडं आहे, एवढंच.

ऐक ना, परीक्षा घेणारे साहेब आले का मैदानावर?… जेवतायत? जेवू दे, सावकाश जेवू दे. तुझा नंबर कितवा?… चौथा. वा, चांगला आहे चौथा.

ओरडू नकोस, सांगतो. सकाळी तू गेलीस आणि गाडीखाली पाण्याचा थेंब दिसला. म्हटलं, आज हिची याच गाडीवर ड्रायव्हिंगची परीक्षा, तीही तिसऱ्यांदा, ऐन वेळी इंजिन तापलं तर? म्हणून वरचा फिल्टरचा डबा काढला, इंजिनाच्या पाण्यावरचं थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं, जुनं रबर काढलं, नवं घातलं. झालं की! आता झाकणाचे तीन बोल्ट लावायचे, डबा बसवायचा आणि निघायचं.

… हो, हो… मला ठाऊक आहे गं. आज लायसन्स नाही मिळालं तर ती नवी नोकरी गेली. नवरा आहे ना मी तुझा, परका आहे का?

… हो, तीन. दोन पुढे आणि एक मागे, पाइपाखाली… तोच. तुझा.

तुझा म्हणजे… दर वेळी तूच लावतेस ना! माझा पंजा जातोय का तिथं? मनगटाशी अडकतो. आता तर सालटंही निघालंय.

पण माझं डोकं चालेनासं झालंय ते वेगळ्याच गोष्टीनं. मागचा बोल्ट भोकात जातो आणि नुसता फिरतो, पकडतच नाही. पुढचा एक अर्धा जाऊन थांबलाय, डोकं वर काढून. अगं, सकाळी याच भोकांतून निघालेत हे! दुपारपर्यंत काय इंजिन बदललं?

… नाही, जोर नाही लावला… थोडा लावला… बरं बाई, नाही लावत.

पुठ्ठा? केला होता ना. तू करतेस तसाच. पुठ्ठ्यावर चित्र काढलं, जिथला बोल्ट तिथंच टोचला. झाकणाचे एकीकडे, फिल्टरच्या डब्याचे दुसरीकडे. त्यातलेच तीन उचलले कडेचे… बघतो, थांब.

… हे काय?

अगं, हे सगळे ओळीत उभे आहेत! मी कुठं ओळीत टोचले होते? आधी बुटका, मग मधला, मग उंच… शाळेत प्रार्थनेला उभे केल्यासारखे. चित्र एकीकडे आणि हे भलतीकडे!

आई! ए आई! पुठ्ठ्याला हात लावलास का?… 

ऐकलंस? म्हणतेय, "किती विस्कटून ठेवले होतेस, मी नीट लावून दिले." चहा द्यायला आली होती मघाशी. बटणांचा डबा लावते ना, तसे लावलेत, उंचीप्रमाणे!… हसतेस काय! इकडे माझा जीव चाललाय… नाही आई, रागावलो नाही. छान लावलेस. खरंच छान.

हं, बोल. सगळ्यात लांब तो मागे… बुटके दोन पुढे. हो, त्या ओळीत शेवटी उभा आहे लांबुळका. घेतला, आधीचे चुकीचे काढून टाकले.

बोल्टच्या गळ्याला दोरा?… हां, पडला तर ओढून काढायला. आई, दोरा दे गं!… कुठलाही दे, रंग नको बघूस!

बांधला. आता डावा हात… खालून, पाइपाच्या पलीकडून… अगं, काही दिसत नाही… डोळे मिटू? बरं, मिटले. बोटांनीच शोधायचं. हं… हं… कडा लागली…

काय?

… नाही गं, मुद्दाम कशाला करीन?

… हो. दोन महिने ठिबकतंय. माहीत होतं मला… हो, रोजच बघतो.

… आजच का?

… माहीत नाही. खरंच माहीत नाही गं. थेंब रोजचाच होता. आज बघितला आणि पाना हातात आला… ऐक ना, ऐक. तुला लायसन्स मिळालं की नोकरी पक्की, मग तू नोकरीच्या गावात राहणार, इथं फक्त रविवारी. मला नकोय तू जायला. हे मला आत्ता कळतंय, हात इंजिनात अडकलेला असताना. आणि तू नापास झालीस तर तेही नकोय मला. अजिबात नकोय. दोन्ही एकदम कसं वाटतं माणसाला? माझं मलाच कळेना झालंय.

… काय? डोळे?

… हो, मिटलेलेच आहेत डोळे.

… आधी उलटा फिरवू? उलटा का?… आटे जुळतात? बरं, उलटा… उलटा… टक् झालं! आत काहीतरी टक् झालं! आता सुलटा? हळू, हो, हळूच… अगं, पकडला! पकडला गं! आई, पकडला!

दुसरा… गेला. तिसराही गेला, डोक्यापर्यंत! आता पाना लावून आवळतो, डबा बसवतो, पाणी भरतो, निघतो. दोरा एका टोकानं ओढू ना?… निघाला.

साहेब उठले?… हात धुतायत? मग तू पुढच्या तिघांना शुभेच्छा दे, गप्पा मार, काहीही कर. येतोच मी. येताना तू चालव.

अगं, एक… ऐक ना. मघाशी मी जे बोललो ते…

… काय?

… "मागचा बोल्ट आता तुझा"?

… हो.

… हो गं. कळलं. जमेल मला. ठेव फोन, दोन्ही हात लागतील.