मलमाचं भांडं

(केदारखेडा. सकाळची वेळ. ओसरीवर सासू कडूबाई भिंतीला टेकून बसलेली. सून प्रांजली पिशवी भरते आहे.)

कडूबाई : पण आजच जायाचं काय नडलंय म्हणते मी. छकुली बरी झाली, तिची माय ज्योत्स्नाच सांगत होती. खपल्या पडल्या, गाल पहिल्यासारखे होत आले. मंग आता कशाला तीर्थपुरीपावतर गाडीवर हाडं खिळखिळी करून घ्यायची?

प्रांजली : बरी झाली म्हणूनच जायचं, आत्या. पोरीच्या तोंडावर फोड होते तवर ज्योत्स्नाताईच्या दारात उभं राहायला मला तोंड नव्हतं. हे मेंढरं वाड्यातून काढून देतात अन् येतातच. दुपारपर्यंत पोचू.

कडूबाई : जाऊन करणार काय तू?

प्रांजली : पाया पडीन. नारळ घेतलाय. छकुलीला फ्रॉक घेतलाय, तिला आवडतो तसा, झालरीचा. अन् त्यांच्या देवघरासमोर सांगीन, की आजपासून मलम म्हणून काही करणार नाही. बायांना द्यायला नाही, घरात लावायलाही नाही.

कडूबाई : येवढं कशाला?

प्रांजली : येवढं कशाला म्हणता? लेकराचं तोंड असं सुजलं होतं की डोळे दिसत नव्हते. 'मामी, सकाळ झाली का,' असं विचारत होती ती मला. सकाळ झालेली होती, आत्या. तिला दिसत नव्हतं.

कडूबाई : नको काढू ते आता.

प्रांजली : न काढून काय होतं? मी स्वतःच्या हातानं लावलं. थंडीनं गाल उलले होते तिचे, संक्रांतीला आली तव्हापासून चोळत होती. ज्योत्स्नाताई म्हणल्या, लाव गं वहिनी तुझं मलम. मी कौतुकानं लावलं. मला तर वाटत होतं, चार बायांत सांगतील, आमच्या वहिनीचं मलम बघा.

कडूबाई : चहा घेतला का तू?

प्रांजली : नको. काल नंदाबाई येऊन गेल्या. मागच्या खेपेला मी दिलेली डबी उंबऱ्यावर ठेवली अन् गेल्या. अर्धी भरलेली होती. तोंडानं चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

कडूबाई : नंदीला काय कळतंय?

प्रांजली : सगळ्यांना कळलंय. मलाच कळत नाही, काय चुकलं ते. सारखं मनात उगाळते. कोरफड आपल्या अंगणातली. मेण बिभीषणकाकाच्या इथलं, मधाच्या पोळ्याचं, मी फडक्यातून गाळून घेतलेलं. घाण्याचं खोबरेल. चिमूटभर हळद. दर खेपेला हेच टाकते. केल्यावर आधी माझ्या मनगटाला लावून पाहते, मगच दुसऱ्याला देते. तसं याही खेपेला पाह्यलं. मला काहीच झालं नाही. मंग त्या लेकरालाच का व्हावं?

कडूबाई : लेकरांचं अंग नाजूक राहतं, पोरी.

प्रांजली : डॉक्टरपण तेच म्हणले, कशाची तरी ॲलर्जी. त्यांनी गोळ्या दिल्या. पण त्याच्या आधी तुम्ही होतात म्हणून निभावलं, आत्या. आम्ही सगळे नुसते ओरडत होतो. तुम्ही उठल्या, संक्रांतीचे तीळ काढले, खोबऱ्याची वाटी फोडली, पाट्यावर वाटून लेकराच्या तोंडाला थापून मोकळ्या. डॉक्टरकडं पोचेपर्यंत आग कमी झाली होती तिची. मी आज ज्योत्स्नाताईंच्या सासरच्या माणसांसमोर सांगणार आहे हे. जाळलं मी, वाचवलं तुम्ही.

कडूबाई : नको सांगू.

प्रांजली : का नको? खरं आहे ते.

कडूबाई : नको म्हणलं ना. पाणी दे मला जरा.

प्रांजली : घ्या. बरं वाटत नाही का? थांबू का मी आज?

कडूबाई : थांबू नको. म्हणजे... बस. बस जरा इथं.

प्रांजली : आत्या, तुम्ही 'मी म्हणलंच होतं' असं म्हणाल्या होत्या ना त्या दिवशी, तव्हा मला लई लागलं होतं. सगळ्यांसमोर म्हणाल्या, मोबाइलमधलं बघून माणसाच्या अंगाला लावायचं नसतं, मी म्हणलंच होतं. माझा राग आला असेल तर काढून टाका मनातून. तुमचंच खरं झालं.

कडूबाई : प्रांजल, तुझं ते मलमाचं भांडं कुठंय?

प्रांजली : मेण वितळवायचं? गोठ्याच्या मागं टाकलंय. भंगारवाला आला की देऊन टाकीन.

कडूबाई : आण ते.

प्रांजली : आता? कशाला?

कडूबाई : आण म्हणते.

प्रांजली : हे घ्या. काय बघायचंय त्यात?

कडूबाई : बूड बघ. आतून.

प्रांजली : काळं आहे. काजळी असेल.

कडूबाई : काजळी आतून बसती का?

प्रांजली : मग मेण करपलं असेल. नखानं खरवडून पाहते.

कडूबाई : हात लावू नको. ठेव खाली. ठेव म्हणते ना.

प्रांजली : आत्या? आहे तरी काय त्यात?

कडूबाई : बिब्बा हाय तो.

प्रांजली : कोणता बिब्बा? माझ्या भांड्यात बिब्बा कुठून येईल?

कडूबाई : मी केल्ता. तू मलम केलं ना, त्याच्या आदल्या दिवशी. तू सोसायटीच्या नळावर गेल्ती. माझ्या टाचा बघ, बघ हे. बोट जाईल इतक्या भेगा. जन्म मेंढरामागं गेला, त्याचं हे बक्षीस. थंडीत रगत येतं. तुझ्या नवऱ्यानं, भारतनं, मला बिब्ब्याची मनाई केल्ती, कुणाला उतला, अंगावर फोड आले म्हणजे निस्तरायचं कुणी म्हणून. आता आमच्या माहेरात मेंढराच्या खुरालाबी बिब्बा अन् माणसाच्या टाचंलाबी बिब्बा. माझ्या मायला कधी उतला न्हाई, मला न्हाई, माझ्या लेकरांना न्हाई. म्हणलं, याला काय कळतंय. बिब्बे ठेचले, गोडेतेलात कढवले, टाचंला लावून घेतलं.

प्रांजली : पण माझ्याच भांड्यात का, आत्या? घर भांड्यांनी भरलंय.

कडूबाई : तेच तर. सगळी भांडी खायची. खायच्या भांड्यात बिब्बा करू न्हाई, हे मला माझ्या सासूनं पहिल्या वर्षीच शिकवलं. घरभर हुडकलं. न खायचं भांडं एकच निघालं, तुझं. मला वाटलं, बराबर हाय, हे तसंबी अंगाला लावायचंच भांडं हाय. राख घेऊन घासलं अन् होतं तिथं ठिवलं. माझा जीव साफ होता तव्हा, शपथ घेते.

प्रांजली : मी त्यातच मेण वितळवलं. मलाही तुमच्यासारखा उतत नसेल, म्हणून माझ्या मनगटावर काही आलं नाही.

कडूबाई : छकुली बापाच्या वळणावर गेलेली. तिच्या बापाकडं उतत असंल. मी कधी विचारलं न्हाई. आधी बायाला विचारायचे, तुला बिब्बा उततो का, मंगच लावायचे. या खेपेला मी कुणाला लावणारच नव्हते, तर विचारणार काय.

प्रांजली : तुम्हाला हे कधी कळलं?

कडूबाई : पोरीचं तोंड पाह्यलं तव्हाच.

प्रांजली : त्याच सकाळी?

कडूबाई : बिब्बा उतलेला माणूस मला लांबूनबी वळखू येतो. म्हणून तर तिळाकडं पळाले. तीळ-खोबरं बिब्ब्यावरच लावतात, पोरी. दुसऱ्या कशावर न्हाई लावत. तुला ठाऊक नव्हतं, ज्योत्स्नाला ठाऊक नव्हतं. तुम्ही म्हणल्या, आत्याच्या हातात गुण हाय.

प्रांजली : अन् तरी तुम्ही तसं म्हणाल्या. मी म्हणलंच होतं.

कडूबाई : पाट्यावर वाटता वाटता ठरवलं होतं, बाहीर जाऊन सांगायचं. बाहीर आले तर ज्योत्स्ना तुला वाट्टेल ते बोलून राह्यली होती. भारत बोलून राह्यला होता. आमचे मालक, तुझे मामा, डोक्याला हात लावून बसल्ते. अन् सगळ्यांनी माझ्याकडं पाह्यलं. तोंडातून तेच निघालं.

प्रांजली : निघालं?

कडूबाई : निघालं, अन् मला बरं वाटलं. आता तुझ्यापाशी खोटं काय बोलू. गल्लीतल्या बाया आधी माझ्याकडं यायच्या, टाचंला, खरजंला, लेकराच्या अंगाला. तू आली, डब्या केल्या, त्यांच्यावर फुलांची चिठ्ठी चिकटवली, अन् माझ्या दारावरून तुला हाका मारायला लागल्या. त्या दिवशी वाटलं, आता कळंल सगळ्यांना. येवढुसंच वाटलं. मंग रात्री तू भिंतीकडं तोंड करून पडल्ती, रडायचा आवाज येऊ नये म्हणून पदर तोंडात धरला होता तू. तव्हापासून माझा जीव थाऱ्यावर न्हाई.

प्रांजली : तरी सांगितलं नाही.

कडूबाई : रोज म्हणायचे उद्या सांगीन. पोरगी बरी व्हऊ दे, मंग सांगीन. बरी झाली तर म्हणलं, आता झालं गेलं, कशाला. आज तू नारळ घेतला नसता, तर आजबी सांगितलं नसतं मी.

प्रांजली : आत्या, मी छकुलीचा फोटो उघडत नव्हते मोबाइलमध्ये. पोळी करताना माझ्या हाताकडं पाहायची अन् वाटायचं, याच हातानं. ह्यांनी चार दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही नीट.

कडूबाई : मी पाहत होते.

प्रांजली : पाहत होता तुम्ही.

कडूबाई : मार मला, बोल मला काय बोलायचं ते.

प्रांजली : फोन लावते ज्योत्स्नाताईंना. तुम्ही सांगा.

कडूबाई : तू जाऊन राह्यली ना तिकडं, तूच सांग की. तुझ्या तोंडून...

प्रांजली : माझ्या तोंडून ते सासूचं गाऱ्हाणं होईल.

कडूबाई : ती छकुलीला परत माझ्याकडं पाठवणार न्हाई, प्रांजल. एकच नात हाय मला.

प्रांजली : मला माहीत आहे. लागला फोन. घ्या. आवाज मोठा केलाय.

ज्योत्स्ना : हां, वहिनी. निघाल्या का?

कडूबाई : मी हाय, ज्योत्स्ना.

ज्योत्स्ना : माय? बोल. जल्दी बोल, दूध चुलीवर हाय. वहिनी येऊन राह्यली म्हणं. येऊ दे, पण तिला सांग, ते डबेबिबे बिलकुल आणू नको माझ्या घरात. सासूबाई अजून तोंड फुगवून बसल्यात.

कडूबाई : छकुली कशी हाय?

ज्योत्स्ना : खेळून राह्यली. डाग थोडे दिसतात, डॉक्टर म्हणले जातील. तुझी आठवण काढती. आजीनं तीळ लावले, आजीनं मला बरं केलं, गावभर सांगत सुटली.

कडूबाई : दूध उतरून ठेव.

ज्योत्स्ना : का गं?

कडूबाई : उतरून ठेव, मंग बोलते.

ज्योत्स्ना : ठिवलं. काय झालं? भाऊ बरा हाय ना?

कडूबाई : सगळे बरे हायेत. ज्योत्स्ना, ते मलम वाईट नव्हतं. तिच्या भांड्यात मी बिब्बा कढवल्ता, तिला न सांगता. टाचंसाठी. तिनं त्याच भांड्यात मलम केलं. तिला काहीच ठाऊक नव्हतं. छकुलीला बिब्बा उतला.

ज्योत्स्ना : माय, तू तीळ वाटून आणले तव्हा मी तुझे पाय धरले होते.

कडूबाई : व्हय.

ज्योत्स्ना : तव्हा तुला ठाऊक होतं?

कडूबाई : ठाऊक होतं.

ज्योत्स्ना : अन् मी वहिनीला काय काय बोलले. तुझ्यासमोर बोलले मी. तिच्या मायबापाचा उद्धार केला. तू उभी होती तिथं.

कडूबाई : उभी होते.

ज्योत्स्ना : परवा छकुलीनं विचारलं मला, मम्मी, मामी वाईट हाय का? मी हो म्हणलं. आता काय सांगू तिला?

कडूबाई : सांग, मामी न्हाई. आजी.

ज्योत्स्ना : ...वहिनीकडं दे फोन.

कडूबाई : प्रांजल, घे. ती बोलती म्हणते.

प्रांजली : सांगा, तिकडं आल्यावर बोलू.

ज्योत्स्ना : ऐकू आलं मला. ठेवते.

कडूबाई : ठेवला तिनं.

प्रांजली : हं.

कडूबाई : काहीच बोलली न्हाई शेवटी. छकुलीला पाठवंल का न पाठवंल, काहीच न्हाई.

प्रांजली : एवढ्यात काय बोलतील? त्यांनाही वेळ लागंल.

कडूबाई : तू जाणार का मंग?

प्रांजली : जाणार. फ्रॉक द्यायचाय. नारळ राहू द्या इथं देवापाशी.

कडूबाई : मीबी येऊ का?

प्रांजली : आज नको, आत्या. आज मला तुमच्यासंगं गाडीवर बसणं व्हायचं नाही. त्यांनी बोलावलं की जा.

कडूबाई : बराबर हाय. भारतला मी सांगीन, आता आला की. तू नको सांगू. तुझ्या मामालाबी अन् नंदीलाबी मीच सांगीन.

प्रांजली : हो. तुम्हीच सांगा.

कडूबाई : अन् हे भांडं मी खड्डा करून पुरून टाकते आज. नजरंसमोर नको मला.

प्रांजली : पुरू नका. टाचा फुटल्यात तुमच्या. हे तुमच्या बिब्ब्याला ठेवा, वर खूण करून. मी येताना माझ्यासाठी दुसरं आणते.