सहीच्या आधी

(शिळफाट्यावरचं एक खाजगी रुग्णालय. दाराजवळ रुग्णांचे प्रश्न लिहून घ्यायचं नवं टेबल, त्यामागे दर्शना.)

येसूबाई : मी नाय बसायची हितं. सरळ वर ने, खाटंवर पडते.

विनिता : आई, सही करण्याआधी दहा मिनिटं. हृदयात जाळी कशासाठी, गोळ्यांवर भागेल का, खर्च किती. एवढंच विचारायचं.

येसूबाई : डाक्टर म्हनले ना टाकू. मग झालं.

विनिता : आबांच्या वेळी असंच झालं. आपण सह्या करत गेलो, आणि ते गेले.

येसूबाई : हळू बोल गं. समदी बगतात.

दर्शना : बघू द्या, काकी. महिना झाला मला इथे बसवून. लोक येतात, पिशव्या ठेवतात, कँटीन कुठे विचारतात. परवा एकजण म्हणाला, माझी काही तक्रार नाय, माझं नाव लिहू नका.

येसूबाई : बग. लोकान्ला कळतंय. उद्या त्याच डाक्टरच्या हातात माजी छाती, आन् आज त्याला उलट इचारू?

विनिता : त्यांनीच हे टेबल मांडू दिलं.

येसूबाई : तू चौक गावच्या बाया घिऊन हे टेबल मागाय सारखी येत व्हतीस म्हनून. त्यांच्या मनात काय हाय, तुला काय ठावं?

दर्शना : चिडले होते, खोटं कशाला बोलू? पण आता जाता-येता विचारतात, आज कुणी बसलं का म्हणून.

येसूबाई : बसलं तर काय करनार?

दर्शना : मी प्रश्न लिहून घेते. मग ते खाली येऊन मराठीत समजावतात. सही त्यानंतर.

विनिता : आबांच्या वेळी हे असतं, तर कुणीतरी विचारलं असतं.

येसूबाई : मी इचारलं व्हतं.

विनिता : काय?

येसूबाई : तू औषधं आनाय गेलतीस. मी जिन्यात गाठलं डाक्टरला. म्हनलं, खरं सांगा. तर म्हनले, बाई, आपरेशन करू, पर आशा कमी हाय. घरी न्यायचं तर न्या.

विनिता : आणि मला सांगितलं नाहीस.

येसूबाई : तू वर आलीस ती पळत. म्हनलीस, आई, समदी औषधं मिळाली. तुजं तोंड बगून माजी जीभच उचलंना.

विनिता : मी इतके महिने म्हणतेय, आपण विचारलं नाही. तू ऐकत होतीस.

येसूबाई : ऐकत व्हते.

दर्शना : पाणी देऊ का, ताई?

विनिता : नको.

येसूबाई : आपरेशन झाल्यावर तुजे आबा शुद्धीवर आले तवा मी त्यांना पेज पाजायची. ते म्हनायचे, भातलावनीला घरी असू ना गं? मी म्हनायची, असू की. आता माजं काय निगालं, तर तसंच तुज्याशी बोलत बसू? न्हाईतर तू माज्याशी?

विनिता : मी नाही बोलणार तसं.

येसूबाई : बोलशील. माजीच लेक हायेस.

दर्शना : काकी, वरून निरोप आलाय. खाट तयार आहे. काय सांगू?

विनिता : आई, तू म्हणशील तसं. मी हट्ट नाही करत आता.

येसूबाई : त्यांना म्हन, थांबा जरा. सरक गं विनू, बसू दे मला.

दर्शना : बोला. पहिला प्रश्न?

येसूबाई : लिव, पोरी. जे काय असंल, ते आमा दोगींना एकदमच सांगाल का?