खाली माणूस आहे

आप्पासो : पट्टी तेवढी काढा, मॅडम. बाकी कशाला हात लावू नगा.

संयोगिता : स्क्रीनवरची ही लाल पट्टी? ‘विहीर तीन : खाली माणूस आहे.’ कधीपासून दिसतेय?

आप्पासो : अमृतच्या दहाव्यापास्नं.

संयोगिता : अमृत कोण?

आप्पासो : माजा जोडीदार. बारा वरसं ह्या पंपहाऊसवर संगट काढली आमी. पंपाच्या जाळीत जलपर्णी अडकली म्हनून तीन नंबरच्या विहिरीत उतरला, आन् वरनं पंप चालू झाला. वडून घेतला त्येला.

संयोगिता : अरे देवा. आमच्या सांगलीच्या ऑफिसात फक्त ‘स्क्रीन बिघडलीय’ एवढंच कळवलं होतं.

आप्पासो : काय कळवनार? भर दिवसा एकटं बसाय माणसं तयार न्हाईत. कुंडलवरनं देवऋषी आणला, नारळ फोडला. स्क्रीन बंद करून चालू केली की पट्टी परत हजर.

संयोगिता : काका, हे भूत लिहीत नाही. खाली जिन्यापाशी चावी आहे ना? उतरणारा ती फिरवतो, केबलमधून निरोप वर येतो, मग तो पंप चालूच होत नाही.

आप्पासो : ठावं हाय. चौकशीत त्येच निघालं. स्क्रीनवर निशाणी न्हवती, म्हंजे अमृतनं चावी फिरवलीच न्हाई. हलगर्जीपणा त्येचा. त्येची बायको, विजयमाला, तवापास्नं मान वर करून चालत न्हाई गावात.

संयोगिता : चौकशीला आलेल्यांनी खाली जाऊन चावी बघितली?

आप्पासो : जिन्याच्या तोंडापास्नंच माघारी फिरले.

संयोगिता : हं. पॅनेलचा पॉवर सप्लाय नवा दिसतोय.

आप्पासो : दहाव्याच्याच दिवशी बदलला. जुना लय कुरकुरायचा. मधनंच त्या नेटवर्कच्या डब्याचं हिरवं दिवं जायचं. शेवटी गेलं ते परत आलंच न्हाईत, म्हनून बदलला.

संयोगिता : आणि दिवे गेले की स्क्रीनवर काय दिसायचं?

आप्पासो : हुतं तेच चित्र. हलायचंच न्हाई.

संयोगिता : मेन स्विच पाडा. मी त्याला माझं कुलूप घालते, म्हणजे कुणी चालू करणार नाही, आणि खाली जाऊन येते.

आप्पासो : नगा, मॅडम. त्येला भाईर काढला, तवापास्नं कुणी उतरलं न्हाई तितं.

संयोगिता : मग तर जायलाच हवं.

(थोड्या वेळानं संयोगिता जिना चढून परत येते. तिचे हात गंजानं माखले आहेत.)

संयोगिता : काका, बसा जरा. चावी फिरवलेली आहे.

आप्पासो : कुणी फिरवली?

संयोगिता : अमृतनं. दुसरं कोण? त्याच जागी गंजून बसलीय. मी हलवली नाही, फोटो काढलेत. तेव्हा नेटवर्कचा डबा मेलेला असणार. निरोप वर पोचलाच नाही. नवा पॉवर सप्लाय बसला, तसा पोचला.

आप्पासो : धा दिसांनी.

संयोगिता : हो.

आप्पासो : म्हंजे त्यो सांगून उतरला हुता.

संयोगिता : निरोप तुटला तर पंप अडायला हवा, तशी सोयच केलेली नाही इथं. तेही लिहिणार आहे मी. त्या दिवशी पंप कुणी चालू केला होता?

आप्पासो : वारं सुटलंय जरा.

संयोगिता : काका.

आप्पासो : मी. पॅनेलचं बटन दाबलं. शिवारातनं फोनावर फोन येत हुते, पानी सोडा म्हनून. स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ असतंय. साडेधावर थांबलेलं. भिंतीवरच्यात अकरा वाजून गेलेलं. बघितलं हुतं मी. म्हनलं, असू दे, रोजचंच हाय. ह्या खिडकीतनं एक हाक मारायची हुती, मॅडम. वीस पावलांवर जिना.

संयोगिता : चौकशीत हे सांगितलंत?

आप्पासो : कुणी इचारलं न्हाई. आन् मी तोंड उघडलं न्हाई. अमृतचीच चूक म्हनले, मी मान हलवली.

संयोगिता : चावीचं मला लिहावंच लागेल. घड्याळाचं तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही.

आप्पासो : लिवा. आप्पासोनं बघितलं हुतं, असंच लिवा. सही करतो.

संयोगिता : आणि पट्टी?

आप्पासो : ऱ्हाऊ द्या. साहेब लोकांना बघू द्या आदी. वाईच थांबा, एक फोन लावतो... हॅलो, विजयमाला? आप्पासो बोलतोय. घरीच हाईस न्हवं? येतोय मी. न्हाई, न्हाई, च्या ठेवू नगंस. आदी माजं ऐकून घे.