तीन बादशा

एस.टी. स्टँडवर नरखेडच्या तिकिटाच्या रांगेत माझ्या पुढे दोघे उभे होते.

"नत्थूजी, काल लग्नात, वरातीच्या जानोशावर, तीन पत्तीत तुमच्याजवळ तीन बादशा होते म्हनतेत."

"होते."

"अन् तुम्ही पत्ते टाकून देल्ले?"

"देल्ले."

"तीन एक्के सोडले तं त्याहिले कोनी मारत नाही! तुमचा व्याही तं नुसती हूल देऊन राहिला होता."

"मले मालूम होतं. मांडी हालवून राहिला होता तो."

"मंग शो काहून नाही मागतला?"

"सारी वरात पाहून राहिली होती गा, रुपराव."

"पन त्याच्या हाती होतं काय?"

"नंतर दाखवलं त्यानं. दुर्री होती, पंजी होती. अन् माही पोरगी होती."