नंबर तोच आहे

नाही नाही, बाबू, तुमचं यंत्रच काहीतरी चुकतंय, पुन्हा एकदा बघा — नंबर वाढला नाही असं कसं होईल? दोन वर्षं तीच काच वापरतेय मी. हो, हा गोष्टीचा पुठ्ठा वाचला ना तुमच्यासमोर, सगळ्यात बारीक ओळसुद्धा वाचली. काय होतं त्यात? बगळा होता. तळं होतं. शेवटी बगळा उडून गेला. मधे — मधे काय झालं ते — थांबा हं, अक्षरं सगळी दिसली मला, खोटं नाही सांगत, पण तुम्ही विचारलंत तेव्हा आत काहीच नव्हतं. म्हणून तर म्हणते, काचेचाच दोष.

उद्या हवाय हो चष्मा. उद्या मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. आमच्या गल्लीत लक्ष्मीची पोथी मी वाचते, एकवीस वर्षं झाली. आधी सासूबाई वाचायच्या, त्यांना आम्ही बोऊ म्हणतो. त्यांचे डोळे गेले तेव्हा पोथी माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, मिनती, एक ओळ गाळायची नाही, ऐकणारीच्या मुठीत फूल असतं. तुमच्याही घरी असेलच की — दारापासून आतपर्यंत तांदळाच्या पिठाची पावलं, पाटावर नव्या धान्याने भरलेलं माप, बायका हातात फूल धरून बसलेल्या. आणि मी वाचणार — देवी रुसून घर सोडते, मागे तिचा नवरा आणि थोरला दीर, दोघे भाऊ, अन्नाला मोताद होऊन दारोदार फिरतात, शेवटी तिची समजूत काढून तिला परत आणतात. मग फुलं मापावर वाहायची. तासभर लागतो. म्हणजे, लागायचा.

मोबाईल? मोबाईलचा काय संबंध? तो लिपीने दिला, माझ्या लेकीने. म्हणाली, मा, तुझा वेळ जाईल. वेळ गेला, त्यात पोरीने फसवलं नाही. पण बाकी काय काय जाईल ते सांगितलं नाही तिने — तिलाही ठाऊक नसेल म्हणा, तिचंही जातच असेल. सकाळी कुणाचा सुविचार, त्याखाली सणाचा गोड पिठा कसा वाफवावा, त्याखाली कुठे पूर आला, त्याखाली नाचणारी मांजर. दोन ओळी वाचायच्या, अंगठा वर. पूर्वी वांगं चिरताना देवीची गोष्ट मनात आपली चालत असायची. ते भाऊ कुठल्या दारात उभे राहिले असतील, काय बोलले असतील. आता वांगं चिरताना वांगंच. आणि पुढचं काय आलं असेल, एवढंच. हसू नका, पण पोथीच्या पानावरसुद्धा माझा अंगठा वर जातो हो. डाग पडलाय तिथे, तेलाच्या हाताचा.

गेल्या गुरुवारचंच घ्या. देवी घरातून निघाली, भाऊ उपाशी फिरायला लागले, आणि नंतर मी ऐकलं तर माझंच तोंड शेवटच्या ओळी म्हणत होतं — जी ही कथा ऐकेल तिचं कल्याण होवो. मधली पानं कुठे गेली? डोळे त्यांच्यावरून गेलेच नाहीत. देवी परत आलीच नाही, बाबू. पावलं दारातून आत आलेली, आणि ती बाहेरच. मी थांबले. म्हटलं, कुणीतरी म्हणेल, अगं मिनती, चुकलीस. इतकी वर्षं ऐकतायत सगळ्या. कोणी बोललं नाही. शेजारच्या थोरल्या कनक अपाने फूल वाहिलं, मोबाईल काढला, मापाचा फोटो घेतला. ती घरी पोचायच्या आत गल्लीच्या ग्रुपवर तिचं आलंसुद्धा — काय सुंदर वाचलंस गं, डोळ्यांत पाणी आलं. त्याखाली सगळ्यांचे जोडलेले हात. कसलं पाणी आलं, सांगा ना? आणि मी ते सगळं वाचलं. हो, ते मात्र शेवटपर्यंत वाचलं.

एकट्या बोऊ बसून राहिल्या होत्या भिंतीपाशी. म्हणाल्या, मिनती, देवी घरी आली का गं? एवढंच. मला सांगता आलं असतं, बसा बोऊ, परत वाचते. दूध उतू जात नव्हतं, दारात कुणी उभं नव्हतं. मी म्हटलं, आली ना, बोऊ. त्यांनी मान डोलावली. पण फूल वाहिलं नाही त्यांनी. मुठीतच ठेवलं. आता ते त्यांच्या उशीखाली आहे, पार वाळलंय — मी रोज अंथरूण झाडते, आणि होतं तिथेच ठेवते.

असू दे. उद्या दार उघडायच्या आधी, बायका यायच्या आधी, बोऊंच्या कानाशी बसेन. देवी बाहेर उभी आहे तिथपासून. ओळीखाली बोट ठेवून. जमेल, न जमायला काय झालं, एकवीस वर्षं —

नको, ती दुसरी काच नका लावू. कळलं मला. माझा चष्मा द्या इकडे. नुसता पुसून द्या.