माझ्या काळजाचा दाखला देणं बंद करा

सन्माननीय अध्यक्ष आणि माझे चुलतबंधू पुंजारामअण्णा, माझ्या हट्टापायी व्यासपीठावर येऊन बसलेले हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर रियाज, मानपत्र लिहून ते स्वतःच वाचणारा माझा भाचा संतोष, आणि नांदगाव-मनमाडहून सकाळच्या गाड्या पकडून गंगापूर रोडच्या या सभागृहात आलेल्या माझ्या सर्व आप्तेष्टांनो,

बसूनच बोलते. पंचाहत्तरी साजरी करता आहात, तर तेवढी सवलत द्या.

संतोष, मानपत्रात तू लिहिलंस की आत्याचं काळीज पोलादी आहे. टाळ्याही पडल्या. आता ज्या खांद्यावर तुम्ही ही शाल घातलीत, त्याच्या खाली, कातडीच्या आत, एक यंत्र बसवलंय. ते आहे म्हणून मी आज बोलते आहे. गेल्या वर्षी माझे ठोके इतके मंदावले होते की स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कोसळले. पेसमेकर बसला. आणि नांदगावात बातमी काय गेली? वन्संचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू छातीत होतो, हे मला कॉन्व्हेंटच्या ननांनी शाळेत शिकवलं नव्हतं.

अण्णा, घड्याळ बघू नका. जेवण गरम आहे, मी विचारून आले आहे.

माझा धाकटा भाऊ गोरक्ष तुम्हाला आठवतो. साधा ताप आला, गोळी घेऊन झोपला, उठलाच नाही. त्याचा अमोल तेव्हा बालवाडीत होता. आमचे धाकटे काकाही असेच गेले, तापात, झोपेत. आपण काय म्हणालो? आपल्या घरातल्या पुरुषांना ताप सोसत नाही. झालं, संपला विषय. पुढे कोणी तपासणीचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं: रक्तात काही असतं तर आत्याबाई सत्तरीत रोज फिरायला गेल्या असत्या का?

म्हणजे तुम्ही तपासणी टाळलीत ती माझ्या जिवावर. मला कोणी विचारलंही नाही.

यंत्र बसल्यावर डॉक्टरांनी माझी जनुकांची तपासणी केली. ठोके चालवणाऱ्या विजेचा दोष सापडला. मी त्यांना म्हटलं, "जन्मापासून होता, तर इतकी वर्षं गप्प का बसला?" ते म्हणाले, "बाई, तुम्ही टेलिफोन खात्यात होतात. तुम्हीच सांगा." खरंच, मलाच ठाऊक होतं. केबल मुळातच जरा कमी प्रतीची असली, तरी नवी असताना आवाज येतो. मग वर्षं जातात, जमिनीत ओल लागते, तार झिजते, आणि एक दिवस लाइन बंद. माझी केबल म्हातारपणाने उघडी पडली. त्याच दोषाची केबल एखाद्या तरुण पुरुषाची एका तापाने जाऊ शकते. बायकांचा दोष बरेचदा दबून राहतो, पुरुषांचा लवकर वर येतो. दोष तोच. काहींना आयुष्यभर काहीच होत नाही, हेही डॉक्टर सांगतात. कोण कुठल्या गटात, हे चेहऱ्यावरून कळत नाही. मानपत्रावरून तर नाहीच.

आता अमोलचं. त्याला विचारून बोलते आहे. गेल्या महिन्यात तापात तो न्हाणीघरात पडला. मी फोन केला. त्याची आई, माझी भावजय सुलाबाई म्हणाली, "अशक्तपणा हो वन्सं. पेज देतेय. आणि ईसीजी काढला की, साफ आलाय." डॉक्टर म्हणतात, तो कागद आज साफ येतो, तापात येईलच असं नाही. हे सांगितलं तर म्हणते, "रक्तबिक्त तपासाल आणि आमच्या वेदिकाचं लग्न अडेल."

सुला, तुझी भीती मला कळते. तू एकदा उशाशी बसून हाक मारली आहेस आणि उत्तर आलेलं नाही. म्हणून तर म्हणते. वेदिकाच्या लग्नात कान पिळायला भाऊ लागतो.

मी थकले आहे, मंडळी. यंत्राने नाही. तेच तेच फोनवर सांगून थकले. म्हणून आज माईक घेतला.

आता औक्षण आहे. पंचाहत्तर निरांजनं लावली आहेत, तूप वितळतंय. नंतर तुम्ही पाया पडाल, आत्याचं आयुष्य आम्हाला लाभो म्हणाल. माझं आयुष्य मला कोणाला देता येत नाही. जे मला मिळालंय तेच आपल्या रक्तातून तुमच्याकडेही आलं असेल, तर ते आधी बघा. शेजारच्या खोलीत डॉक्टरांची सहाय्यक शहनाज रक्ताचे नमुने घ्यायला बसली आहे. डॉक्टर आधी प्रत्येकाशी बोलतील, मगच सुई. सक्ती नाही. पण गोरक्षचं पोर त्या खोलीत गेल्याशिवाय मी ओवाळून घेणार नाही. तूप संपलं तर संपू दे.

तुम्ही आलात, शाल दिलीत, शिव्या दिल्या नाहीत, त्याबद्दल आभारी आहे. बोलताना कोणाचा मान राहिला नसेल, तर माझ्या वयाकडे बघून पदरात घ्या. अध्यक्षांची परवानगी असेल तर थांबते.

अमोल उठलाय, दिसतंय मला.

सुला, त्याची बाही सोड.